न्यासुलूबाईंचं पोतं

जुलैत यशोधनचं काँट्रॅक्ट संपलं आणि घरात बोलायला दोनच विषय उरले: फोन मोकळा आहे का, आणि कुणाचा आला होता का. दोन हजार तीन साल होतं. न्यू जर्सीत पिस्कॅटवेतल्या त्या अपार्टमेंटांच्या रांगेत निम्मे पुरुष सकाळी दहाला बाल्कनीत चहाचा कप घेऊन उभे दिसायचे आणि मार्केट सुधारतंय असं एकमेकांना सांगायचे. यशोधनही सांगायचा. खर्च नको म्हणून त्याने सेलफोन बंद केला होता. त्यामुळे सगळ्या रिक्रूटरांकडे घरचाच नंबर होता आणि घरात लाइन एकच. इंटरनेट लावलं की फोन बंद पडायचा.

"शरयू, अजून किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"मघाशी पण पाचच होती यार."

शरयूच्या व्हिसावर तिला पगार घ्यायची परवानगी नव्हती. फुकट राबायला मात्र सरकारची काही हरकत नव्हती, आणि ती मन लावून फुकट राबत होती. आठवड्यातले चार दिवस, मुलीला, नेत्राला, शाळेच्या बसमध्ये बसवलं की ती विद्यापीठात जायची. तिथे एका इमारतीच्या तळघरात बिनखिडकीची खोली होती. खोलीची साहेब म्हणजे देवयानी, नागपूरची, पीएच.डी. करणारी, शरयूपेक्षा सात वर्षांनी लहान. ती शरयूला ताई म्हणायची आणि कामाला जुंपायची.

काम असं होतं. आफ्रिकेतल्या कितीतरी शाळांत कॉम्प्युटर पोचले होते, पण इंटरनेट पोचलं नव्हतं. म्हणून इथे हजारो वेबसाइटांची पानं रीतसर परवानगी घेऊन उतरवायची, एका हार्ड डिस्कवर भरायची आणि ती डिस्क कॉम्प्युटरात बसवून बोटीने पाठवायची. तिथल्या मास्तरांनी बटण दाबलं की पान लगेच समोर. टेलिफोनची तारसुद्धा लागत नव्हती.

बुडालेल्या कंपन्यांचे कॉम्प्युटर ढिगाने यायचे. शरयू एकेक डबा उपडा घालून स्क्रू काढायची, आतली धूळ फुंकायची, जुनी डिस्क उपसून नवी बसवायची. पत्र्याच्या कडांनी बोटं कापायची. संध्याकाळी पोळ्या लाटताना त्या चिरांत मीठ जाऊन झोंबायचं. पाठीचा तर तिने विचारच सोडून दिला होता. तरी ती खूश होती. अमेरिकेत आल्यापासून पाच वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या हातच्या कामाची वाट बघत होतं.

वाट बघणाऱ्यांत पहिला नंबर गोंडवेसरांचा. ते मलावी देशाच्या उत्तर भागात एका शाळेत शिकवायचे आणि तिथलं ग्रंथालयही सांभाळायचे. मागच्या वर्षी त्यांच्याकडे एक डिस्क गेली होती. दर गुरुवारी ते बसने दूरच्या शहरात जात, तिथल्या दुकानात बसून मेल पाठवत आणि दुपारी चारच्या बसने परत जात.

"गोंडवे?" यशोधन म्हणाला होता. "आमच्या मावळातले वाटतात. विचार, सोयरीक निघेल कुठेतरी."

ऑगस्टात गोंडवेसरांचं एक मेल आलं. या वर्षी मक्यात एक किडा फार झाला आहे, दाण्याला भोक पाडून आतलं सगळं पीठ करतो. तुमच्या डिस्कवर मी धान्य साठवण्याबद्दल शोधलं. लोखंडी कोठारं, मोठे पंखे, तापमान मोजायची यंत्रं, हे सगळं सापडलं. आमच्या बायका मका पोत्यात भरून मुलं झोपतात त्याच खोलीत ठेवतात. त्यांनी काय करावं?

शरयूने डिस्कवर शोधलं. धान्याच्या साठवणीवर चौदाशे पानं होती आणि पोतं हा शब्द एकातही नव्हता. तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण ती पानं तिनेच उतरवली होती.

"एक्स्पर्टला विचारायला हवं," देवयानी म्हणाली. "माझे प्रोफेसर ऑक्टोबरशिवाय येत नाहीयेत पण. आणि बावीस मशिन्स सप्टेंबरएंडला बोटीवर चढवायची आहेत. ताई, तुम्हीच बघा ना काही."

शरयू पुण्यातल्या सदाशिव पेठेत वाढलेली. धान्य तिला वाण्याच्या पुडीतून माहीत. पण घरात सासू होती. सुमित्राबाई मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मावळात त्यांची भातशेती होती, आणि इथे करायला काही नाही म्हणून त्यांचे हात नुसते शिवशिवत असायचे. इंडियन स्टोअरमधून आणलेले निवडलेले स्वच्छ तांदूळ त्या वर्तमानपत्रावर पसरून पुन्हा निवडत बसायच्या.

"आई, धान्याला कीड लागू नये म्हणून काय करता तुम्ही?"

सुमित्राबाईंनी मान वर केली. गेल्या तीन महिन्यांत सुनेने त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

"त्यात काय एवढं? कडक उन्हात दोन दिस घालायचं. गार होऊ द्यायचं, गरम भरलं तर घाम धरतं. मग बोरिक पावडर चोळायची. तळहातानं, अशी. दाण्यादाण्याला लागली पायजे. वर्षभर सोंडा फिरकत नाय."

"किती पावडर?"

"हाताच्या अंदाजानं. आता काय सांगू तुला." मग त्यांना सुनेची दया आली. त्यांनी पातेल्यात तांदूळ घेतले, डब्यातलं पीठ चिमटीने टाकून चोळून दाखवलं आणि शरयूने चमचे मोजले. नेत्रा शेजारी उकिडवी बसून बघत होती.

शरयूने दोन दिवस खपून इंग्रजीत एक पान लिहिलं. ऊन, गार करणं, पावडर, चोळायची रीत, पोत्याचं तोंड बांधणं. सुमित्राबाईंच्या हातांचा फोटोही घातला. देवयानीने खोक्यांना टेप लावता लावता ते वाचलं.

"मस्त झालंय ताई. खरं वाटतं एकदम. प्रोफेसर आले की दाखवू, आत्ता टाका."

पान बावीस डिस्कांवर गेलं. गोंडवेसरांना शरयूने ते मेलनेही पाठवलं, आणि पुढच्या गुरुवारी त्यांचं उत्तर आलं. पान छापून घेतलं, गिरणीच्या भिंतीवर लावलं, बायका उभ्या राहून वाचतात, ज्यांना येत नाही त्यांना मुलं वाचून दाखवतात. शरयूने ते मेल तीनदा वाचलं. सुमित्राबाईंना सांगितलं तेव्हा त्या "चल, काहीतरीच" म्हणाल्या आणि रविवारी मावळात फोन करून त्यांनी ते सहा जणांना सांगितलं. यशोधन घड्याळ बघत शेजारी उभा होता.

ऑक्टोबरात प्रोफेसर आले, पण पान त्यांना दाखवायचं दोघींच्याही डोक्यातून गेलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी शरयू मेल बघायला बसली. गोंडवेसरांनी गुरुवारी एक फोटो पाठवला होता. फोटो वरून खाली एकेक पट्टी उतरत होता. आधी पत्र्याचं छप्पर आलं, मग भिंत, भिंतीवर तिचं पान. सुमित्राबाई चष्मा लावून मागे येऊन उभ्या राहिल्या.

"माझे हात दिसतायत की गं त्यात!"

मग बायका उतरल्या, रंगीत कापडं नेसलेल्या, रांगेत. शेवटी गिरणीचं तोंड उतरलं. एक बाई कमरेवर पोतं तोलून मका सरळ त्यात ओतत होती.

"हे काय करतायत?"

"दळतायत आई. त्याचं पीठ करून उकड काढतात. तेच जेवण."

"धुवत नाय का?"

"काय?"

"मका. दळायच्या आधी धुवत नाय?"

शरयूला प्रश्नच कळला नाही.

"अगं, आपण तांदळाला लावतो पावडर," सुमित्राबाई म्हणाल्या. "तांदूळ चार पाण्यानं धुतल्याशिवाय चुलीवर जातो का? गव्हाला कुठं लावतो आपण? गहू दळायचा असतो. गव्हाला एरंडेल नायतर कडुनिंबाचा पाला. बोरिक पोटात कशी जाऊ द्यायची?"

"मग तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"तू धान्य म्हणालीस. मी तांदूळच निवडत होते की समोर." त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि तांदूळ धू म्हणून कुणी कुणाला सांगतं का?"

कुणी सांगत नाही. शरयूनेही जन्मभर तांदूळ धुऊनच भात लावला होता, पण पान लिहिताना तिच्या डोक्यात नुसती पावडर होती. आपण चुकलो की आई चुकल्या, हे तिला ठरवता येईना आणि ठरवून उपयोगही नव्हता. तिने पहिलं मेल पाठवलं: पान काढा, पावडर घालू नका, घातली असेल तर तो मका खाऊ नका. पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं, की गोंडवेसर हे गुरुवारी वाचणार. आज शनिवार.

ते पाच दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही. देवयानीला फोन केला, ती आधी रडली आणि मग कामाला लागली. बोट अजून समुद्रात होती, त्यामुळे बावीस ठिकाणी पान उघडू नका असं कळवता येत होतं. राहिली फक्त गोंडवेसरांची गिरणी. शाळेचा एक नंबर कागदपत्रांत सापडला. शरयू कॉलिंग कार्डावरचे आकडे खरवडून तो लावत राहिली. कधी घंटा वाजायची, कधी बाई इंग्रजीत सांगायची की असा नंबरच नाही. सोमवारी एकदा कुणीतरी उचलला. शरयू घाईघाईने बोलत राहिली आणि पलीकडचा माणूस नम्रपणे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ते इंग्रजी नव्हतं. मग लाइन कटली.

"मॉमी, इज इट पॉयझन?" नेत्राने विचारलं.

"माहीत नाही गं."

"बट यू रोट इट."

सुमित्राबाईंनी तांदूळ निवडणं सोडलं होतं. त्या खिडकीशी बसून पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत राहायच्या. एकदा त्या आपणहून म्हणाल्या, "आम्ही अडाणी माणसं. आम्हाला विचारायचंच नव्हतं." शरयूला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण रागही आला होता, आणि राग नेमका कुणाचा ते न कळल्यामुळे ती उठून भांडी घासायला गेली.

बुधवारी यशोधनला फोन आला. मिशिगनमधल्या ट्रॉय गावी गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीला सॉफ्टवेअरचा माणूस हवा होता. गुरुवारी सकाळी साडेआठला फोनवर इंटरव्ह्यू. चार महिन्यांतला हा दुसराच. त्याने रात्रीच शर्टाला इस्त्री केली, फोनवर शर्ट दिसत नाही हे माहीत असून.

गुरुवारी सात वाजता शरयूने इंटरनेट लावलं. मलावीत तेव्हा दुपारचे दोन. सव्वासातला मेल आलं.

"प्रिय मॅडम. तुमचं मेल आत्ता वाचलं. पान मी आज गावी परत गेल्याबरोबर काढतो. पावडर महाग आहे, त्यामुळे बहुतेक बायकांनी घेतली नाही. मिसेस न्यासुलूंनी कोंबडी विकून घेतली. त्यांच्याकडे एकच पोतं उरलं आहे, त्या सगळ्याला लावली. चार दिवस त्यातलंच पीठ खात आहेत. मुलं पाच. मधल्याच्या पोटात दुखतं, पण ते आधीही दुखायचं, त्यामुळे काय समजावं मला कळत नाही. नवा मका मार्चमध्ये येईल. तो मका त्यांनी धुऊन खावा की टाकावा? मी चारच्या बसपर्यंत इथे बसलो आहे. कृपया सांगा."

शरयूने ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं.

"धुऊन खा म्हणावं," सुमित्राबाई तत्काळ म्हणाल्या. "सात पाण्यानं धुवायचा, उन्हात वाळवायचा. पोरांच्या तोंडचं धान्य टाकायचं? मार्चपर्यंत काय माती खातील?"

"काहीच लिहू नकोस," यशोधन म्हणाला. "प्रोफेसर आलेत ना आता? त्यांना लिहू दे. उद्या काही झालं तर तुझं नाव येईल."

"माझं नाव नाहीये त्या पानावर."

"मग उत्तम."

"उत्तम काय? अरे, मुलं खातायत ते!"

तिने प्रोफेसरांना मेल टाकलं. मग इंटरनेट तोडून त्यांच्या घरी फोन केला, मशीनवर निरोप ठेवला. मग विषबाधेच्या मोफत नंबरवर फोन लावला. तिथली बाई शांत होती. किती खाल्लं, कुणी खाल्लं, वय काय, वजन काय. शरयूला यातलं एकही माहीत नव्हतं. तुम्ही कुठल्या स्टेटमधून बोलताय? न्यू जर्सी. आणि मूल कुठल्या स्टेटमध्ये आहे?

"आफ्रिकेत," शरयू म्हणाली.

पलीकडे थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज आला आणि थांबला. तिच्या रकान्यात ते बसत नसावं. पण ती चांगली होती, तिने फोन ठेवला नाही. वरिष्ठांना विचारून येते म्हणाली. शरयू रिसिव्हर कानाला दाबून उभी राहिली. घड्याळात आठ वाजून सात मिनिटं झाली होती. यशोधन बेडरूमच्या दारात शर्ट घालून उभा होता. तो सारखा मनगटाकडे बघत होता.

आठ सोळाला ती बाई परत आली. किती पावडर आहे ते माहीत नसताना धुतलेलं चालेल असं आम्ही सांगू शकत नाही. शंका असेल तर खाऊ नये. मुलाला डॉक्टरला दाखवावं.

शरयूने फोन ठेवून पुन्हा इंटरनेट लावलं. मोडेम किंचाळला, थांबला, एंगेज लागलं. पुन्हा लावलं. आठ बावीस.

"शरयू."

"हो."

"आठ वर्षं झाली मला या धंद्यात. मी तुला कधी काही म्हटलंय? पण आज..."

"कळतंय मला यश. दोन मिनिटं."

तिला पुष्कळ लिहायचं होतं. माफी मागायची होती. सुमित्राबाई कानाशी पुटपुटत होत्या, "धुऊन म्हणावं, धुऊन," आणि तिच्या मनात आलं, या खऱ्या असतील तर? उपाशी मरण्यापेक्षा धुतलेला मका बरा असेल तर? मका टाकायला सांगायचं तर त्यांनी काय खायचं तेही सांगायला हवं, कुणाकडे मागायचं, कुठली संस्था, प्रोफेसर काही करू शकतात का. तिच्याकडे चौदाशे पानं होती आणि हे एकाही पानात नव्हतं. तिला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता.

आठ सव्वीसला तिने लिहिलं: "टाकून द्या. अजिबात खाऊ नका. मुलाला दवाखान्यात न्या." पाठवलं आणि लाइन सोडली.

दोन मिनिटांनी फोन वाजला. यशोधनने घसा साफ करून उचलला आणि बेडरूमचं दार लावून घेतलं. आतून त्याचा इंटरव्ह्यूतला मोठा, उत्साही आवाज ऐकू येऊ लागला. शरयू मोडेमवर हात ठेवून उभी राहिली. पस्तीस मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा तिथली चारची बस सुटून गेली होती.

"झाला," तो म्हणाला. "बरा झाला. दुसरा राउंड आहे मंगळवारी." मग तिच्याकडे बघून म्हणाला, "काय लिहिलंस?"

"टाका म्हटलं."

"बरोबर केलंस."

सुमित्राबाईंनी त्या दिवशी दुपारचं ताट वाढून घेतलं नाही. शरयूने दोनदा हाक मारली तेव्हा म्हणाल्या, भूक नाही.

त्याच दुपारी तिने गोंडवेसरांना दोन पानी मेल लिहिलं. माफी, पत्ते, धान्य वाटणाऱ्या दोन संस्थांची नावं, प्रोफेसर कुणाकुणाशी बोलत आहेत ते सगळं. पण ते सगळं पुढच्या गुरुवारीच वाचलं जाणार होतं.

पुढच्या गुरुवारी ती सातलाच बसली. यशोधनला आता घाई नव्हती. मंगळवारचा राउंड चांगला झाला होता आणि तो चहा घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला. सुमित्राबाईही खुर्ची ओढून आल्या. मेल आलं, आणि ते दोन पानी मेल वाचायच्या आधीच लिहिलेलं होतं हे पहिल्या ओळीतच कळलं.

"प्रिय मॅडम. दुकानात आत्ताच पोचलो, लाइनची वाट बघताना हे लिहितो आहे. मुलाला दवाखान्यात नेलं होतं, तो बरा आहे. पोतं आम्ही चौघांनी शाळेमागे खड्डा करून पुरलं. पुरेपर्यंत मिसेस न्यासुलू पोत्याला धरून होत्या, त्यांचे हात सोडवावे लागले. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी मला विचारलं, हे फेका म्हणून कोण सांगतं? मी म्हणालो, कॉम्प्युटर सांगतो. आधी घाला म्हणाला होता तोच का? मी म्हणालो, तोच. तेव्हा त्या म्हणाल्या, मग जा आणि त्यालाच विचारून या, आज मी काय शिजवू."